फिरती तबकडी आणि स्थिर स्मृती

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला
• संगणकाची तात्पुरती स्मृती आणि कायम साठवण यांतील फरक सांगता येईल;
• हार्ड डिस्क व सॉलिड स्टेट ड्राइव्ह यांच्या रचनेची तुलना करता येईल;
• वेग, क्षमता, किंमत आणि टिकाऊपणा यांचा विचार करून घरगुती संगणकासाठी योग्य साधन निवडता येईल;
• महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत ठेवण्याची गरज स्पष्ट करता येईल;
• परभाषेतून आलेल्या तांत्रिक शब्दांचा मराठी वाक्यात योग्य उपयोग करता येईल.

१. प्रस्तावना

घरातील जुना संगणक सुरू करावा, चहा ठेवावा, तो पिऊनही व्हावा, तरी संगणक कामास तयार झालेला नसावा, असा अनुभव अनेक कुटुंबांत येतो. मग ‘संगणक म्हातारा झाला’ असे म्हणून तो अडगळीत टाकला जातो आणि नव्याच्या खर्चाची चिंता सुरू होते. प्रत्यक्षात पुष्कळदा आकडेमोड करणारा भाग धडधाकट असतो. काम अडते ते माहिती साठवणाऱ्या भागापाशी. तो एक भाग बदलला, तर तोच संगणक आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो. म्हणून हा भाग कोणत्या प्रकारचा असावा, हे समजून घेणे घरखर्चाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

संगणकात माहिती दोन ठिकाणी असते. स्वयंपाकघरातील ओटा आणि धान्याची कोठी यांची येथे आठवण व्हावी. स्वयंपाक चालू असताना लागणारे जिन्नस ओट्यावर काढलेले असतात आणि काम संपले की ओटा स्वच्छ होतो. संगणकातील ‘रॅम’ ही अशी तात्पुरती स्मृती आहे. वीज गेली की तिच्यातील सारे पुसले जाते. कोठीतील धान्य मात्र राहते. छायाचित्रे, पत्रे, गुणपत्रिका, हिशेब आणि संगणक चालवणारी मूळ प्रणाली हे सर्व या कोठीत, म्हणजे कायम साठवणीत असते. हार्ड डिस्क आणि सॉलिड स्टेट ड्राइव्ह, संक्षेपाने एसएसडी, ही या कोठीची दोन रूपे आहेत. दोहोंचे काम एकच असले तरी रीत अगदी वेगळी आहे.

२. फिरणारी तबकडी

सन १९५६ मध्ये अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने ‘रॅमॅक’ नावाच्या संगणकासोबत पहिली चकती-साठवण बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच आसावर फिरत. त्या यंत्राचे वजन सुमारे एक टन होते आणि त्याची क्षमता ५० लाख अक्षरे, म्हणजे आजच्या मापाने पावणेचार मेगाबाइटांच्या आसपास होती. ही क्षमता किती, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. संगणकावर आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह साठवण्यास तीन बाइट लागतात. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. एका ओवीत साधारण सत्तर चिन्हे धरली, तर संपूर्ण ग्रंथास दोन मेगाबाइटांच्या आसपास जागा लागेल. म्हणजे त्या टनभर वजनाच्या यंत्रात ग्रंथाची एक प्रत मावली असती आणि दुसरी अपुरी राहिली असती. आज मोबाइलवर काढलेले एकच छायाचित्र तेवढी जागा घेऊ शकते.

यंत्राचा आकार पुढे झपाट्याने घटला, परंतु मूळ तत्त्व तेच राहिले. हार्ड डिस्कच्या बंद डबीत चुंबकीय लेप दिलेल्या एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या असतात. एका लहान भुजेच्या टोकाला लेखन-वाचन शीर्ष असते. लिहिताना ते लेपातील सूक्ष्म ठिकाणांची चुंबकीय दिशा बदलते आणि वाचताना ती दिशा ओळखते. शून्य आणि एक या दोन अंकांत मांडलेली सर्व माहिती अशा प्रकारे तबकडीवर उमटते. चुंबकत्व टिकून राहत असल्याने वीज बंद झाली तरी माहिती राहते. अतिसूक्ष्म चुंबकीय बदल टिपण्याचा मार्ग ज्या शोधामुळे मोकळा झाला, त्यासाठी आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लहानशा डबीत प्रचंड माहिती मावू लागली, यामागे या शोधाचा मोठा वाटा आहे.

घरगुती संगणकातील तबकडी सामान्यतः मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. साडेतीन इंची डिस्कमधील तबकडी ७,२०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशी १२० किलोमीटरांहून अधिक भरतो. शीर्ष तिच्यापासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतल्यास या यंत्राची नाजूकता ध्यानी येईल. धुळीचा कण या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणूनच कुतूहलापोटी हार्ड डिस्कची डबी कधीही उघडू नये आणि ती चालू असताना संगणकाला धक्का लागू देऊ नये.

पाठगत प्रश्न १
(अ) वीज बंद झाल्यावर रॅममधील माहितीचे काय होते?
(आ) हार्ड डिस्कमध्ये माहिती कोणत्या गुणधर्माच्या आधारे साठवली जाते?
(इ) हार्ड डिस्कची डबी घरी का उघडू नये?

३. न फिरणारी स्मृती

एसएसडीमध्ये तबकडी नाही, भुजा नाही, फिरणारा कोणताही भाग नाही. तेथे आहेत सिलिकॉनच्या चिपा आणि त्यांत कोट्यवधी सूक्ष्म कप्पे. प्रत्येक कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवता येतात. किती इलेक्ट्रॉन अडकले आहेत, यावरून तेथे कोणता अंक लिहिला आहे ते ठरते. कप्प्याभोवती विद्युतरोधक थर असल्याने वीज गेली तरी इलेक्ट्रॉन आतच राहतात. या प्रकारच्या स्मृतीस ‘फ्लॅश’ असे म्हणतात. जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका हे तिचे जनक होत. त्यांनी १९८४ मध्ये या शोधाची माहिती जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा ‘नॅन्ड’ हा प्रकार पुढे आला. आजचे एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि मोबाइलमधील साठवण या ‘नॅन्ड’ प्रकारावरच उभी आहे.

फ्लॅश स्मृतीची एक मर्यादा आरंभीच जाणून घ्यावी. भरलेल्या कप्प्यांवर थेट नवे लिहिता येत नाही, आधी जुने पुसावे लागते. पुसणेही एकेका कप्प्याचे होत नाही, कप्प्यांचा मोठा गट एकदम पुसावा लागतो. पाटीवरील एक ओळ बदलण्यासाठी संपूर्ण पाटी पुसावी लागावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय प्रत्येक लेखन-पुसणीमुळे विद्युतरोधक थर किंचित झिजतो. यावर उपाय म्हणून एसएसडीत एक नियंत्रक चिप असते. ती नवे लेखन सर्व गटांवर समप्रमाणात वाटते, जेणेकरून एकच भाग लवकर झिजू नये. शेतकऱ्याने दरवर्षी त्याच वाफ्यात पीक न घेता वाफे आलटून पालटून वापरावेत, तशी ही योजना आहे.

४. वेगातील फरक कोठून येतो?

हार्ड डिस्कवरील एखादी माहिती वाचायची असल्यास प्रथम भुजा योग्य वर्तुळावर न्यावी लागते, नंतर तबकडी फिरत फिरत हवी ती जागा शीर्षाखाली येण्याची वाट पाहावी लागते. ७,२०० फेऱ्यांच्या तबकडीस एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक काळ केवळ वाट पाहण्यात जातो. भुजेच्या हालचालीस साधारण ९ मिलिसेकंद धरल्यास एकूण १३ मिलिसेकंद होतात. एसएसडीत काहीही हलवायचे नसल्याने हेच काम साधारणपणे ०.१ मिलिसेकंदात किंवा त्याहून कमी वेळात होते.

मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्याशा फरकाने काय होते, असे वाटेल. परंतु संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फायली ठिकठिकाणांहून वाचल्या जातात. समजा, अशी १० हजार वाचने एकामागून एक करायची आहेत. हार्ड डिस्कला त्यासाठी १३० सेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून अधिक काळ लागेल, तर एसएसडीला अवघा एक सेकंद. प्रत्यक्षात संगणक अनेक युक्त्या योजून हा काळ कमी करतो, तरी फरकाचे मूळ हेच आहे.

सलग माहिती वाचताना हा फरक कमी होतो. घरगुती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० मेगाबाइट वाचते. जुन्या संगणकांतही चालणारा ‘साटा’ जोडणीचा एसएसडी सुमारे ५०० मेगाबाइट वाचतो, तर नव्या संगणकांतील ‘एनव्हीएमई’ प्रकारचा एसएसडी काही हजार मेगाबाइटांपर्यंत जातो. चित्रपट पाहण्यास मात्र हार्ड डिस्कचा वेगही पुरून उरतो. म्हणून केवळ खोक्यावरील सर्वांत मोठा आकडा पाहून भुलू नये. हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर येताना होणारा बदल ठळकपणे जाणवतो. एका एसएसडीवरून दुसऱ्या अधिक वेगवान एसएसडीवर जाताना घरगुती कामात तो तितका जाणवत नाही.

५. टिकाऊपणा आणि बिघाड

लिहिता लिहिता झिजणारी वस्तू घ्यावी कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर गणिताने देता येते. एसएसडीच्या माहितीपत्रकात एकूण किती लेखन करता येईल, ते टेराबाइटांत दिलेले असते. समजा, हा आकडा ३०० टेराबाइट आहे आणि घरात रोज २० गिगाबाइट लेखन होते. वर्षाला ७.३ टेराबाइट लेखन झाले. या हिशेबाने मर्यादा गाठण्यास सुमारे ४१ वर्षे लागतील. तोपर्यंत संगणकच कालबाह्य झालेला असेल. तेव्हा सामान्य घरात झिजेचे भय बाळगण्याचे कारण नाही.

खरे भय वेगळे आहे. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी अनेकदा सूचना देते. ती टकटक किंवा घरघर करू लागते, फायली उघडण्यास विलंब लागतो. अशा वेळी तातडीने माहिती दुसरीकडे हलवता येते. अर्थात प्रत्येक वेळी अशी सूचना मिळतेच असे नाही. एसएसडीत आवाज करणारा भागच नसतो. त्याचा नियंत्रक निकामी झाला, तर काल चालणारा ड्राइव्ह आज संगणकास दिसतही नाही. धक्का सहन करण्यात मात्र एसएसडी सरस आहे. तो हातातून पडला तरी हार्ड डिस्कच्या मानाने वाचण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. म्हणून पिशवीतून नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपला तो विशेष योग्य ठरतो.

आणखी दोन भेद ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा की, एसएसडीवरून चुकून पुसलेली फाइल परत मिळवणे बहुधा अशक्य असते, कारण रिकाम्या झालेल्या जागा तो स्वतःहून पुसून टाकतो. हार्ड डिस्कवर त्या जागी नवे लेखन होईपर्यंत जुनी माहिती तशीच असते. यामुळे चुकून पुसलेले परत मिळण्याची आशा असते, तसाच धोकाही असतो. माहिती नीट नष्ट न करता जुनी डिस्क विकली, तर ती परक्याच्या हाती पडू शकते. दुसरा भेद असा की, एसएसडी दीर्घकाळ विजेवाचून कपाटात ठेवल्यास कप्प्यांतील इलेक्ट्रॉन हळूहळू निसटू शकतात. लेखनाची मर्यादा संपत आलेल्या ड्राइव्हच्या बाबतीत, ३० अंश सेल्सियस तापमानाला एक वर्ष माहिती टिकावी, एवढीच अपेक्षा औद्योगिक मानकात धरलेली आहे. नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक काळ माहिती राखतो. तरीही कुटुंबाचा ठेवा केवळ बंद एसएसडीत ठेवून विसरून जाणे इष्ट नाही.

वारंवार वीज जाणाऱ्या गावी दोन्ही साधनांना धोका असतो. लेखन चालू असताना वीज खंडित झाली तर फायली बिघडतात. अशा ठिकाणी यूपीएस जोडणे हाच योग्य उपाय होय.

पाठगत प्रश्न २
(अ) एसएसडीमधील नियंत्रक झीज कमी करण्यासाठी काय करतो?
(आ) एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा लवकर वाचन का करू शकतो?
(इ) जुनी हार्ड डिस्क विकण्यापूर्वी कोणती दक्षता घ्यावी?

६. निवड कशी करावी?

किंमत पाहताना एकूण रकमेबरोबर प्रत्येक गिगाबाइटमागे पडणारा दर काढावा. या दराने मोठी हार्ड डिस्क सामान्यतः एसएसडीपेक्षा स्वस्त पडते. बाजारभाव बदलत असतात, हेही विसरू नये. सन २०११ मध्ये थायलंडमधील महापुराने हार्ड डिस्कचे कारखाने बंद पडले आणि जगभर डिस्कच्या किमती चढल्या होत्या. खोक्यावरील क्षमता आणि पडद्यावरील क्षमता यांतही फरक दिसतो. कारखानदार एक टेराबाइट म्हणजे दहावर बारा घात, म्हणजेच एक लाख कोटी बाइट धरतो. विंडोज प्रणाली हीच क्षमता १,०२४ च्या पटीत मोजते, म्हणून तेथे सुमारे ९३१ गिगाबाइट एवढाच आकडा दिसतो. यात फसवणूक नसते, मोजण्याची रीत निराळी असते.

पत्रव्यवहार, अभ्यास, इंटरनेट आणि हिशेब एवढेच काम असलेल्या घरात २५० किंवा ५०० गिगाबाइटांच्या आसपासचा एसएसडी पुरेसा होतो. लग्नसमारंभांची छायाचित्रे आणि चित्रफिती साठवणाऱ्या कुटुंबाने मूळ प्रणालीसाठी लहान एसएसडी आणि साठ्यासाठी मोठी हार्ड डिस्क, अशी जोडी ठेवणे सोयीचे. जुना संगणक मंदावला असल्यास नवा घेण्यापूर्वी त्यात साटा जोडणी आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. असल्यास हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवता येतो. काही लॅपटॉपमध्ये साठवण मुख्य फलकावरच पक्की जोडलेली असते. तेथे हा बदल शक्य नसतो. एसएसडी बसवल्यानंतर हार्ड डिस्कसाठी केली जाणारी ‘डिफ्रॅगमेंटेशन’ ही आवराआवर करू नये. तिचा लाभ तर होत नाहीच, उलट लेखन वाढते.

७. दुसरी प्रत

येथवरच्या तुलनेत एक गोष्ट दोन्ही बाजूंना समान आहे. हार्ड डिस्क कधी ना कधी बिघडते, तसाच एसएसडीही बिघडतो. डिस्क बाजारात पुन्हा विकत मिळते. दिवंगत आईवडिलांचे छायाचित्र, मुलांच्या बोबड्या बोलांचे ध्वनिमुद्रण किंवा रात्री जागून लिहिलेला प्रकल्प बाजारात मिळत नाही. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारे तज्ज्ञ असतात, परंतु त्यांचा खर्च कित्येकदा नव्या डिस्कहून अधिक होतो आणि यशाची खात्रीही नसते.

म्हणून जाणकारांनी एक सोपा नियम सांगितला आहे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. घरातील संगणकात एक, बाहेरून जोडण्याच्या हार्ड डिस्कवर दुसरी आणि परगावच्या नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत तिसरी, अशी व्यवस्था सामान्य कुटुंबासही जमण्यासारखी आहे. एसएसडी बसवताना निघालेली जुनी हार्ड डिस्क योग्य केसमध्ये घालून यूएसबीने जोडता येते. मात्र ती वयस्कर असल्याने एकट्या तिच्यावर विसंबू नये. प्रत काढल्यावर ती उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहावे. पूर्वी घरातील दस्तऐवज ट्रंकेत ठेवत आणि त्यांची खरी नक्कल दुसरीकडे जपत. साधने बदलली, तरी ती सावधगिरी आजही तितकीच आवश्यक आहे.

आपण काय शिकलात

• हार्ड डिस्क फिरत्या तबकडीवर चुंबकत्वाच्या साह्याने, तर एसएसडी चिपांतील कप्प्यांत इलेक्ट्रॉन अडकवून माहिती साठवतो.
• विखुरलेल्या लहान फायली वाचण्यात एसएसडी अतिशय वेगवान असतो. मोठ्या साठ्यासाठी हार्ड डिस्क सामान्यतः स्वस्त पडते.
• घरगुती वापरात एसएसडीची झीज चिंताजनक नसते. अचानक होणारा बिघाड दोन्ही साधनांत संभवतो.
• साधन कोणतेही निवडले, तरी महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत असणे अनिवार्य आहे.

भाषाभ्यास

परभाषेतील नाम मराठीत आले की त्याला लिंग प्राप्त होते आणि विशेषणे व क्रियापदे त्यानुसार बदलतात. ‘ती जुनी हार्ड डिस्क बिघडली’, ‘तो नवा पेन ड्राइव्ह सापडला’, ‘ते लहान मेमरी कार्ड हरवले’ ही वाक्ये पाहा. काही शब्द मराठीच्या नियमाने अनेकवचनही घेतात, जसे फाइल – फायली, चिप – चिपा.

कृती : की-बोर्ड, माउस, प्रिंटर, बॅटरी, चार्जर या शब्दांची लिंगे ठरवून प्रत्येकाचा एका वाक्यात उपयोग करा.

पाठान्त प्रश्न

१. ओटा आणि कोठी यांच्या दृष्टान्तातून संगणकाच्या कोणत्या दोन भागांतील फरक स्पष्ट केला आहे?
२. एसएसडीवर एकूण १५० टेराबाइट लेखन करता येते आणि रोज १० गिगाबाइट लेखन होते. मर्यादा गाठण्यास सुमारे किती वर्षे लागतील?
३. ‘साधनाच्या निवडीपेक्षा दुसरी प्रत महत्त्वाची’ या विधानाविषयी आपले मत आठ ते दहा ओळींत लिहा.
४. आपल्या घरातील किंवा परिचितांच्या संगणकातील कोणती माहिती नष्ट झाल्यास पुन्हा मिळणार नाही, याची यादी करा व तिच्या जतनाची योजना लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) ती पुसली जाते. (आ) चुंबकत्व. (इ) धुळीचा कण शीर्ष व तबकडी यांतील अंतरापेक्षा मोठा असल्याने डिस्क निकामी होऊ शकते.
२. (अ) नवे लेखन सर्व गटांवर समप्रमाणात वाटतो. (आ) त्यात भुजा हलवण्याची व तबकडी फिरण्याची वाट पाहावी लागत नाही. (इ) तिच्यातील माहिती नीट नष्ट करावी.